मुक्काम पोस्ट

माझी आजी गावाहून पत्र लिहायची तेव्हा आधी पत्ता घालायची आणि मग मजकुराला हात लावायची. पत्ता असा: मु. पो. उल्हासनगर, कॅम्प नंबर ४. शहराच्या पत्त्यात ‘मु. पो.’ लागत नाही, हे वडिलांनी तिला कितीदा तरी सांगितलं. तिला ते पटलं नाही. माणूस राहतो तिथे त्याचा मुक्काम असतो आणि मुक्काम असला की पोस्ट असणारच, असं तिचं सरळ गणित होतं. ‘कॅम्प’ या शब्दाचं मात्र तिला काही वाटत नसे, आणि मलाही नाही. वडील अंबरनाथला कारखान्यात कामाला, आम्ही उल्हासनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत, शेजारीपाजारी बहुतेक सिंधी. मावशी कॅम्प तीनला राहायची. रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ म्हटलं की तो घराजवळ सोडायचा. हे कॅम्प कुणाचे आणि कशासाठी होते, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

गेली सव्वीस वर्षं मी अंबत्तूरला राहते. नवऱ्याची बदली झाली म्हणून आलो आणि राहिलो. मी इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब सांभाळले. आता निवृत्त आहे. चेन्नईला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला न्यावं असं अंबत्तूरमध्ये काही नाही. सायकली, लेथ, शिफ्टच्या भोंग्याला रस्त्यावर येणारी माणसं, आणि त्यांच्या तोंडी तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया. इथून एक रस्ता रेड हिल्सकडे जातो. त्या बाजूला पुळलचा तलाव लागतो, ज्याचं पाणी चेन्नई पिते. मग पुळलचं मोठं कारागृह, आणि त्याच भागात श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची छावणी. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं गेले-आले. मला जेल ठाऊक होतं, छावणी नव्हती.

ती कळली घराला रंग काढायचा होता म्हणून. छावण्यांमधले खूप पुरुष रंगकाम करतात. ज्या कामाला कुणी कागदपत्रं मागत नाही, अशा मोजक्या कामांपैकी ते एक आहे. आमच्याकडे आलेला पेंटर तीन दिवस मुकाट्याने भिंती घासत होता. चौथ्या दिवशी त्याला फोन आला आणि तो ‘ओम्, ओम्’ म्हणत बोलला. चेन्नईच्या तमिळमध्ये होकाराला ‘आमा’ म्हणतात. ‘ओम्’ हा होकार समुद्रापलीकडचा, श्रीलंकेच्या तमिळचा. माझ्या मोडक्या तमिळलाही तेवढं समजत होतं. मी विचारलं, ‘ऊर कुठलं?’ तो म्हणाला, ‘पुळल.’ मग ब्रश बादलीत ठेवून म्हणाला, ‘मन्नार, अक्का.’ १९९० साली, चौदा वर्षांचा असताना तो मन्नारहून बोटीने रामेश्वरच्या किनाऱ्याला लागला होता. आमच्या घरी पहिले तीन दिवस तो जाणूनबुजून ‘आमा’ म्हणत होता. मला माझी उल्हासनगरची शाळा आठवली. साताऱ्याकडचं ‘न्हाई’ गिळून मी तिथे ‘नाही’ म्हणायला शिकले होते. पण माझं ‘न्हाई’ कानावर पडलं असतं तर मुलं फक्त हसली असती. त्याला भीती होती की काम जाईल.

त्यानंतर मी तमिळमधले काही शब्द मुद्दाम विचारून घेतले. छावणीला तमिळमध्ये ‘मुगाम’ म्हणतात. आपला मुक्काम तो हाच, अरबीतून निघून दोन्हीकडे पोचलेला. आपल्याकडे तो रात्रीच्या वस्तीपासून घराच्या पत्त्यापर्यंत पसरला, तिकडे तंबू-छावणीपाशी थांबला. निर्वासिताला तमिळमध्ये ‘अगदि’ म्हणतात. मूळ संस्कृत अगति, म्हणजे ज्याला गती नाही, दुसरा मार्ग नाही तो. मराठीत आपण याच शब्दाचं ‘अगतिक’ केलं आणि ते मनाच्या अवस्थेला दिलं. तमिळने ते माणसाच्या नावाला दिलं. जो घरदार सोडून, समुद्र ओलांडून आला त्यालाच ‘गती नसलेला’ म्हणायचं, हे मला आधी विचित्र वाटलं. छावणीचे नियम कळल्यावर तितकंसं वाटलं नाही. ठरलेल्या दिवशी हजेरी असते. कामासाठी लांब जायचं तर हजेरीच्या दिवसाचा हिशेब ठेवून जावं लागतं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधानसभेत सांगितलं की यापुढे या छावण्यांना ‘अगदि मुगाम’ न म्हणता ‘मरुवाळ्वु मुगाम’ म्हणावं. मरुवाळ्वु म्हणजे पुन्हा जगणं, पुनर्वसन. ही माणसं अनाथ नाहीत, आम्ही त्यांच्यासोबत आहोत, असा तो सूर होता. नावाबरोबर पैसाही आला: ३१७ कोटींची योजना, साडेसात हजारांच्या आसपास नवी घरं, मासिक मदतीत वाढ. कुटुंबप्रमुखाला १,५००, इतर मोठ्या माणसांना १,०००, लहान मुलाला ५०० रुपये. धान्य वेगळं. ही मदत मी हलक्यात काढणार नाही. १९८३च्या जुलैत कोलंबोत तमिळ लोकांची घरं-दुकानं जळाली तेव्हापासून तीन लाखांहून अधिक माणसं या किनाऱ्याला आली. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे हे करण्याची कोणती आंतरराष्ट्रीय सक्ती नव्हती. तरी तमिळनाडूने ते केलं. सरकारं बदलली, पक्ष एकमेकांच्या जिवावर उठलेले होते, पण महिन्याचे पैसे आणि तांदूळ बंद झाले नाहीत. माझ्या पेंटरची मुलगी सरकारी शाळेत शिकली, मग बी.कॉम. झाली. हे सगळं त्या मदतीवरच उभं आहे. अजून सुमारे ५८ हजार माणसं शंभराहून अधिक छावण्यांत आहेत आणि तीस हजारांहून जास्त छावण्यांबाहेर, पोलीस ठाण्यात नाव नोंदवून.

मग मला टोचतंय ते काय, हे सांगायला मला त्या मुलीच्या अर्जापाशी यावं लागेल.

बी.कॉम.चा निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन आली होती. पेढे म्हणजे दुकानातले दूधपेढे. ‘आंटी, तुमच्यात पेढेच देतात ना?’ असं विचारून आणलेले. मी जुन्या ओळखी काढून एका कंपनीत हिशेब खात्यात तिच्यासाठी शब्द टाकला. त्यांनी अर्ज पाठवला. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने तो सुवाच्य अक्षरात भरला आणि एका चौकटीपाशी थांबली: राष्ट्रीयत्व. मी म्हणाले, ‘इंडियन लिही म्हणजे झालं. तुझ्याकडे आधार आहे, पॅन आहे, जन्म इथल्या सरकारी दवाखान्यातला. कोण बघतंय?’ ती म्हणाली, ‘आंटी, आधारवरच लिहिलंय की हे नागरिकत्वाचा पुरावा नाही.’ खरंच लिहिलेलं असतं. मी माझं आधार काढून पहिल्यांदा ती ओळ वाचली. इतक्या वर्षांत मला ती वाचायची गरज पडली नव्हती.

तिचा जन्म २००२चा, चेन्नईतला. भारतात जन्मलेलं मूल भारतीय, हा नियम १ जुलै १९८७च्या आधी जन्मलेल्यांना लागू होता. त्यानंतर आई-बापांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो, आणि २००३च्या दुरुस्तीने ते आणखी आवळलं. १९८६ साली मंडपमच्या छावणीत जन्मलेल्या एका बाईला मद्रास उच्च न्यायालयाने २०२२मध्ये पासपोर्ट मिळवून दिला आणि २०२४च्या लोकसभा निवडणुकीत तिने मतदान केलं. पेपरात बोटावर शाई लावलेला फोटो आला होता. तीही छावणीचीच, आमची मुलगीही छावणीचीच. फरक जन्मतारखेचा.

२०१९चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या काही धर्मांच्या लोकांसाठी आहे. श्रीलंका त्यात नाही. या मुलीच्या आईची कथा तर आणखी गुंतलेली. तिचे पणजोबा त्रिचीकडचे. इंग्रजांच्या काळात चहाच्या मळ्यांवर सिलोनला नेलेले. स्वातंत्र्यानंतर सिलोनने मळ्यावरच्या लाखो लोकांना नागरिक मानलं नाही. १९६४मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला: सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची, दीड लाखांचं नंतर बघू. माणसांची वाटणी झाली, पण अंमलबजावणी पुरी होण्याआधी दंगली आणि युद्ध आलं आणि त्यातली पुष्कळ कुटुंबं निर्वासित म्हणून बोटीत बसली. म्हणजे जिथून पणजोबा गेले त्याच मुलखात पणती परदेशी. २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा काही अर्जदारांचा नागरिकत्वासाठी विचार करायला सरकारला सांगितलं होतं. २०२५च्या सप्टेंबरपासून, ९ जानेवारी २०१५पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून शिक्षा होणार नाही, अशी सवलत केंद्राने दिली आहे. चांगलं झालं. पण ‘तू गुन्हेगार नाहीस’ एवढ्याने अर्जावरची ती चौकट भरत नाही.

मी तिला खोटं लिहायला सांगितलं होतं, आणि तेही सहज, भाजीत मीठ टाकावं तसं. नंतर रात्री मला त्याची लाज वाटली. खोटं बोलायला सांगितलं एवढ्याचीच नाही. त्या खोट्याचा सगळा धोका तिचा होता आणि चांगुलपणा सगळा माझा. उघडकीला आलं असतं तर ती छावणीतून पोलिसांपर्यंत गेली असती. मी ‘बिचारीसाठी केलं’ म्हणून मोकळी. मदत करणाऱ्याची ही जागा फार सोयीची असते. हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

मला तिथून पुढे एका प्रश्नाने धरलं आहे: पाहुणा म्हणून माणसाला किती दिवस ठेवावं? म्हणजे घरात किती दिवस ठेवावं असं नव्हे. ‘पाहुणा’ या नात्यात किती दिवस ठेवावं?

आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आहे. तमिळमध्ये त्याच चालीची: ‘विरुंदुम् मरुंदुम् मून्ऱु नाळ’. पाहुणचार आणि औषध, दोन्ही तीन दिवस. दोन्ही भाषांनी तीनच दिवस मोजावेत याचं मला आधी हसू आलं. पण म्हणी चेष्टेत शहाणपण बोलतात. मनुस्मृतीत अतिथीची व्याख्या एका रात्रीची आहे; ज्याचं राहणं नित्य नाही तो अतिथी. तमिळ ‘विरुंदु’ या शब्दाचा जुना अर्थ ‘नवं’ असा होता. तोल्काप्पियममध्ये तो त्या अर्थाने येतो. तिरुक्कुरळचं नववं प्रकरण सगळं पाहुण्यांच्या आदरावर आहे, आणि तो पाहुणा म्हणजे दारात नव्याने उभा राहिलेला माणूस. पाहुणचाराचं सगळं सौंदर्य त्याच्या थोडकेपणात आहे. आपण स्वतःचं ताट पुढे करतो, गैरसोय सोसतो, आणि पाहुणाही जपून वागतो. तो जेवणाला नावं ठेवत नाही. वरण खारट झालं तरी ‘छान’ म्हणतो. दोन दिवस हे नाटक दोघांनाही शोभतं. पस्तीस वर्षं कुणी ‘छान’ म्हणत राहिला तर?

इमॅन्युएल कांटने १७९५ साली शाश्वत शांतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की परक्याचं स्वागत हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. पृथ्वी गोल आहे, माणसांना एकमेकांपासून अनंत लांब पांगता येत नाही, तेव्हा दारात आलेल्याला शत्रू मानून हाकलता येणार नाही. परत पाठवण्याने त्याचा नाशच होणार असेल तर परतही पाठवता येणार नाही. पण हा हक्क भेटीचा. कायम राहण्यासाठी वेगळा करार हवा. कांटच्या डोळ्यांसमोर व्यापाराला म्हणून गेलेले आणि मालक होऊन बसलेले युरोपीय होते, म्हणून त्याने ही मर्यादा घातली असावी, आणि आपल्याला, ज्यांच्याकडे असे पाहुणे आले होते, ती पटतेही. पण छावणीतल्या माणसापाशी ही वाटणी पुरी पडत नाही. तो भेटीला आलेला नाही. आणि मालक होण्याचा तर प्रश्नच नाही, त्याला जमिनीचा तुकडाही नावावर करता येत नाही. भेटीचा हक्क आणि राहण्याचा हक्क यांच्या मधल्या फटीत एका माणसाचं आख्खं आयुष्य जाऊ शकतं, हे कांटच्या हिशेबात नव्हतं. हाना आरेंटने ते भोगलं. १९३३मध्ये जर्मनीतून पळाल्यानंतर १९५१मध्ये अमेरिकेची नागरिक होईपर्यंत तिचे अठरा वर्षं असेच गेले, आणि म्हणून तिला दिसलं की अन्न-वस्त्राच्याही आधी माणसाला अशी जागा लागते जिथे त्याच्या म्हणण्याला किंमत असते.

हे मी पुस्तकातून घेतलं. पण मदत घेणाऱ्याच्या पोटात काय होतं, ते मला पुराने शिकवलं. १ डिसेंबर २०१५ला चेन्नईत जो पाऊस पडला त्यात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं. सहा दिवस आम्ही एका शाळेच्या वर्गात होतो. लोक पाकिटं घेऊन येत: लिंबूभात, ब्रेड, पाण्याच्या बाटल्या, जुने पण धुतलेले कपडे. मला एकीने मॅक्सी दिली, फुलाफुलांची. मी ‘रोंब नन्रि’ म्हणाले आणि लगेच मनात आलं, मी ही कधीच घेतली नसती. दुसऱ्या दिवशी भात आंबूस लागला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. ‘मिळतंय ते काय कमी आहे’, असं आम्हीच एकमेकांना दटावत होतो. सहा दिवसांत माझी मान किंचित खाली झुकायला लागली होती, हे नवऱ्याने नंतर सांगितलं.

पाचव्या दिवशी पेंटर आणि त्याची बायको आले. पाणी थोडं ओसरलं होतं. तो मोपेड लांब लावून उरलेलं अंतर चालत आला. स्टीलच्या डब्यात इडियप्पम, नारळाच्या दुधाची सोदि आणि लाल मिरचीचं सांबोल. मला रडू आलं, आणि त्याच क्षणी, खरं सांगायचं तर, मनात परतफेडीचा हिशेब सुरू झाला: घर कोरडं झालं की रंगाचं काम यालाच द्यायचं. मला दोन मिनिटंही ऋणात राहवलं नाही. तो पस्तीस वर्षं आमच्या ऋणात राहिलेला आणि आम्ही त्याच्याकडून वर अपेक्षा करतो की त्याने ते हसत राहावं. बायको डबा परत घेताना म्हणाली, ‘सांबोल तिखट झालं होतं ना?’ मी म्हणाले, ‘खूप.’ आम्ही दोघी हसलो. त्या शाळेत पाच दिवसांत मी पहिल्यांदाच एखाद्या पदार्थाला नाव ठेवलं होतं.

आता उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आणून ठेवली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिथे नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हासनगर हे नाव मिळालं. ती बसवणारे गव्हर्नर जनरल होते चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे तमिळच. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक होण्याची वाट दिली. १९५४च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेपोटी भरपाई दिली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात तर एकाच छावणीने दोन्ही तऱ्हा पाहिल्या. १९४३पासून पाचएक हजार पोलिश माणसं तिथे राहिली आणि १९४८पर्यंत निघून गेली. मग त्याच जागी सिंधी आले आणि ते गांधीनगर झालं. पोलिश लोकांसाठी तो मुक्काम होता, सिंधींसाठी तो मुक्काम पोस्ट झाला. दोन्ही ठीक, कारण दोन्ही एकदाचे पुरे झाले.

मी उल्हासनगरची आठवण गोड करून सांगत नाही. माझे वडील सिंधी दुकानदारांवर चिडायचे, ‘यांनी सगळा बाजार बळकावला’ म्हणायचे, आणि ते आमच्या ‘घाटी’पणावर हसायचे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी शंभरदा ऐकलाय, आणि तो विनोद करणारे निम्म्या वेळा सिंधीच असत. नळावर भांडणं व्हायची. शेजारच्या काकी आईला तोंडावर सांगायच्या की तुझी कढी पाणचट. त्या निर्वासित होत्या, पण आमच्या पाहुण्या नव्हत्या. त्यांच्याकडे मत होतं, दुकानाचा परवाना होता, नगरपालिकेत त्यांचा नगरसेवक होता. म्हणून त्यांना भांडता येत होतं. आमचे वडील त्यांच्यावर चिडू शकत होते, ही बरोबरीचीच खूण होती, असं मला आता वाटतं.

माझ्या या म्हणण्याला जे आक्षेप आहेत ते मी स्वतःशी घालून पाहिले आहेत. एक तर २१ मे १९९१. श्रीपेरुंबुदूर अंबत्तूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. राजीव गांधींच्या हत्येनंतर सगळ्या छावण्यांकडे संशयाने पाहिलं गेलं, मुलांच्या कॉलेजप्रवेशांवर गदा आली, आणि पुढच्या काही वर्षांत पन्नास हजारांहून अधिक माणसं परत गेली. ते जाणं खरोखर स्वखुशीचं आहे का, हे बघायला १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला चेन्नईत येऊ दिलं गेलं. तो राग समजण्यासारखा होता, मी इथे नव्हते तरी समजते. पण तेव्हा पंधरा वर्षांच्या असलेल्या पेंटरने किंवा अकरा वर्षांनी जन्मलेल्या मुलीने तो किती फेडायचा?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो छावणीतूनच येतो. २००९मध्ये युद्ध संपलं. परत जायला हवं, तिथली जमीन, तिथली माणसं सोडून द्यायची नाहीत. चेल्वनायकम यांचे चिरंजीव एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४मध्ये चेन्नईत निर्वासितांचीच एक संस्था उभी केली, तिचं सगळं काम या विचाराभोवती होतं: शिकायचं, कौशल्यं कमवायची, ती परत जाऊन देश उभारण्यासाठी. पेंटरलाही मन्नारला मरायचंय. मुलीने मन्नार पाहिलेलं नाही. तिला तिथली भरती-ओहोटी बापाच्या तोंडून ठाऊक आहे, आणि २७ नंबरच्या बसचे थांबे स्वतःच्या पायांनी. एका घरात दोन उत्तरं आहेत. माझं म्हणणं एवढंच की ते उत्तर त्यांचं त्यांना निवडता यावं. आणि निवडायचं तर दोन्ही दारं उघडी हवीत. इथे राहण्याचं दार बंद असताना परत जाणं ही निवड कशी?

नागरिकत्वाने सगळं सुटतं, असंही मी म्हणत नाही. माझ्या आजीच्या गावापासून कोयना फार लांब नाही. धरणात गेलेल्या गावांतली माणसं या देशाची पक्की नागरिक होती, मतदार होती, आणि तरी जमिनीसाठी त्यांची दुसरी-तिसरी पिढी मोर्चे काढत राहिली. ‘धरणग्रस्त’ हा शब्दही आडनावासारखा नातवंडांपर्यंत गेला. पण मोर्चा काढता आला. मंत्र्याच्या गाडीपुढे बसता आलं. छावणीतल्या माणसाला, दिलेलं घर गळतंय असं सांगतानाही आधी ‘सरकारचे उपकार आहेत’ असं म्हणावं लागतं.

मुलीने तो अर्ज शेवटी ‘श्रीलंकन तमिळ, भारतात जन्म’ असं चौकटीबाहेर जाणाऱ्या अक्षरांत लिहून दिला. कंपनीकडून उत्तर आलं नाही. मी दोनदा फोन केला. ‘वर पाठवलंय’ म्हणाले. ती सध्या एका होलसेल दुकानात हिशेब लिहिते, रोख पगारावर. मालक भला आहे, असं ती सांगते. मी आता त्या वाक्यावर मान डोलवत नाही.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली म्हणून पेंटरला बोलावलं. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि आकडा सांगितला. मला तो जास्त वाटला. मी म्हणाले, ‘मागच्या वेळेपेक्षा दोन हजार जास्त का?’ तो म्हणाला, ‘अक्का, आतलं प्लास्टर सुटलंय, सगळं खरवडावं लागेल. दोन दिवस जास्तीचे.’ मी म्हणाले, ‘ओळखीत इतके?’ तो म्हणाला, ‘ओळखीत म्हणूनच इतके, दुसऱ्याला तीन सांगितले असते.’ मी हजारावर आले. तो हलला नाही. त्याने बादली उचलली आणि दारापर्यंत गेला. मी दीड म्हणाले. तो थांबला, पुन्हा भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘अठराशे. आणि चहा दोनदा.’